चिठ्ठीवरची गोळी सुटता सुटत नाही तेव्हा… तुमच्या घरातले अनुभव लिहा

धागालेखिका

व्यसन म्हटलं की आपल्याकडे दारू, गुटखा, गांजा एवढंच डोळ्यासमोर येतं. झोपेची गोळी, खोकल्याचं सिरप, दुखण्यावरच्या कॅप्सूल यांच्याबद्दल घरात कोणी ब्र काढत नाही, कारण ते 'औषध' असतं, डॉक्टरांनी दिलेलं असतं. केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर पाहणी केली होती, २०१९ साली तिचा रिपोर्ट आला, त्यात झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणाऱ्यांचा आकडा सुमारे १ कोटी १८ लाख होता. हे लोक आपल्याच घरात आहेत. म्हणून हा धागा. नावं नकोत, गाव नाही लिहिलं तरी चालेल, पण काय झालं आणि पुढे काय केलंत ते लिहा.

सुरुवात मी करते. बाबा गेल्यावर आईला झोप लागेना, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलम लिहून दिली, पाव मिलिग्रॅमची, थोड्या दिवसांसाठी. आईने ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली! पुढची कित्येक वर्षं तोच कागद दाखवून गोळ्या येत राहिल्या, पावची अर्धी झाली, मग अर्धीच्या दोन. आम्हाला वाटायचं वयामुळे विसरते, वयामुळे तोल जातो. मग बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं आणि तिसऱ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाली, घामाने गाऊन भिजला आणि रात्री चक्क फिट आली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, या दारू घेतात का? दादा इतका भडकला की विचारू नका, माळकरी बाई आहे आमची. पण त्या डॉक्टरांचा प्रश्न बरोबरच होता, कारण दारू अचानक तोडल्यावर शरीर जसं करतं तसंच ही गोळी अचानक तोडल्यावरही करतं. औषधांच्या यादीत आम्ही बीपी, शुगर, थायरॉइड सगळं लिहून दिलं होतं, ही गोळी कोणाच्या ध्यानातही नव्हती. आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात स्ट्रिप सापडली तेव्हा उलगडा झाला.

मानसोपचारतज्ज्ञांनी ती गोळी बदलून जास्त वेळ अंगात टिकणारी दिली आणि मग तिचा डोस थोडा थोडा, कित्येक महिने उतरवत नेला. मधे एकदा आई रडून म्हणाली, मी काय बेवडी आहे का? हे वाक्य मला अजून छळतं. तिची काही चूक नव्हती हो, तिला या गोळीची सवय लागते हे कोणी सांगितलंच नव्हतं.

काउंटरवरून

मेडिकल दुकान आहे माझं, तालुक्याच्या ठिकाणी. ताई, लॅमिनेट केलेली चिठ्ठी मी पण पाहिलीय, आता तर मोबाइलमध्ये फोटो असतो. अल्प्राझोलम, झोपेची झोल्पिडेम, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, खोकल्याच्या सिरपमधलं कोडीन ही सगळी शेड्यूल एच-वन मधली, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या कडक यादीतली औषधं, मार्च २०१४ पासून हा नियम लागू आहे. दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळायचं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो तो बघत जा सगळ्यांनी. ट्रामाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गेलं. पण समोर आपलेच सर उभे असतात, "दे रे, तू ओळखत नाहीस का मला" म्हणतात, आणि नाही म्हटलं की पुढच्या गल्लीतून आणतात, तिथे मिळतं हेच माझं दुखणं आहे. कोडीनच्या सिरपचं गिऱ्हाईक लगेच कळतं, ती पोरं किंमत विचारत नाहीत, एक्सपायरी बघत नाहीत, खोकत तर अजिबात नाहीत. कोडीनचा काही भाग पोटात गेल्यावर लिव्हरमध्ये मॉर्फिन होतो, म्हणजे अफूच्याच घरातलं औषध. जून २०२३ मध्ये केंद्राने एकापेक्षा जास्त औषधं एकत्र केलेल्या १४ कॉम्बिनेशनवर बंदी घातली त्यात कोडीन-क्लोरफेनिरामाइनचं सिरपही होतं. एकच विनंती, झोपेच्या गोळीची चिठ्ठी जुनी असेल तर दुकानदाराने परत पाठवलं म्हणून त्याच्यावर चिडू नका.

मालेगावकर

धागालेखिका, तुमच्या आईची जी गोळी तीच आमच्याकडे 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते. तीच अल्प्राझोलम. संभाजीनगरकडे अशा गुंगीच्या गोळ्यांना 'बटण' म्हणतात. मी शिक्षक आहे, शाळा सोडून यंत्रमागावर लागलेली पोरं बघतो, त्यातला एक माझा जुना विद्यार्थी, गणितात हुशार. गोळ्या खाऊन याने स्वतःच्या सख्ख्या भावावर हात उचलला आणि सकाळी त्याला काहीच आठवेना, आईने भावाचं टाके घातलेलं डोकं दाखवलं तेव्हा ढसाढसा रडला. लोक म्हणतात गोळी झोपेची मग हा एवढा पिसाळतो कसा. अहो, जास्त डोस गेला की भीती, लाज, आवर सगळं सुटतं आणि नंतर मेंदूत नोंदच राहत नाही. वर दारू असेल तर श्वास बंद पडू शकतो, असं एक पोरगं आमच्या मोहल्ल्यातून गेलंय. पोलीस धाडी टाकतात, माल पकडतात, बातमी येते. पण त्या पोराला सोडवायला कोणी मानसोपचारवाला आमच्या भागात बसवा ना! नुसतं पकडून काय होणार?

ओटी सिस्टर

पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी पडतं तेव्हा आम्ही बीपी वर आणणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन देतो, मॉनिटर लावलेला, भूलतज्ज्ञ उशाशी. शेजारचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता, त्याला कोणीतरी हेच इंजेक्शन आणून दिलं, दम टिकतो म्हणून. त्याच्या आईने मला रात्री हाक मारली, पोराची छाती धडधडत होती, बीपी प्रचंड वाढलेलं, आणि तो सारखा म्हणत होता दारामागे कोणीतरी उभं आहे. ॲडमिट केलं म्हणून वाचला. जिममध्ये, मैदानावर कोणी इंजेक्शन टोचून देत असेल तर कृपया आईबापांनी तिथेच आवाज चढवा.

सातारची

माझं छोटंसं. डोकेदुखीवर रोज गोळी, कॅफीनवाली. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाल्या, महिन्यात १०-१५ दिवसांहून जास्त अशा गोळ्या घेतल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या, पहिला आठवडा भयंकर, मग हळूहळू उतरलं.

न्यूजर्सीहून

इथे मुलाची अक्कलदाढ काढली तर डेंटिस्टने लगेच हायड्रोकोडोन लिहून दिलं, म्हणजे ओपिऑइड, अफूसारखं काम करणारं दुखण्यावरचं औषध, ज्याने या देशात किती घरं उद्ध्वस्त केलीत. मी विचारलं साध्या गोळीने भागणार नाही का, तर म्हणाले भागेल की! आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर निभावलं. विचारा रे डॉक्टरांना, विचारल्यावर ते सांगतात.

वाचक

वडील ७० च्या पुढचे, झोल्पिडेम घेतात. परवा रात्री उठून गॅस पेटवला, चहा ठेवला आणि परत जाऊन झोपले, सकाळी काही आठवत नाही. आज गोळ्या लपवून ठेवू का?

धागालेखिका

लपवू नका! अचानक तोडू नका, आमचं काय झालं वर वाचलंत ना. पण रात्री गॅस सिलिंडरवरून बंद करा, आणि झोपेत उठून केलेल्या या गोष्टी डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, उद्यावर ढकलू नका. अमेरिकेत २०१९ पासून या गोळीवर नेमका हाच ठळक इशारा छापतात. ती कशी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, १९८६ पासून हे काम करतायत.

झोल्पिडेमवरून घरातलं कोणी उतरलं असेल तर त्यांनी लिहा प्लीज, रात्री कशा काढल्या, झोप परत कधी यायला लागली, यांना आत्ता तेच हवंय.