मदत हवी आहे: दोन साप एकाच पेटीत ठेवले, आता उंदीर कोणी ओकला तेच कळेना

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. (इथे कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही, तेव्हा कृपया कायद्यावरून धागा भरकटवू नका.) लेकीच्या हट्टापायी तीन वर्षांपूर्वी एक कॉर्न स्नेक आणला. बिनविषारी, नारिंगी अंगावर तांबडे डाग, स्वभावाने गरीब. नाव शेंग. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे मादी. चार फुटी पेटी, दर दहा दिवसांनी एक गोठवलेला उंदीर, कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने द्यायचा. फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी उंदीर असण्याची मला सवय झाली आहे, सासूबाईंना नाही.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण देश सोडून चालला, त्याचा कॉर्न स्नेक आमच्याकडे आला. लांबी शेंगेएवढीच, पण किडकिडा. दुसरी पेटी म्हणजे आणखी जागा, आणखी वीजबिल. त्यात सासूबाई सांगलीहून आलेल्या. "एकटं जनावर झुरतं गं, जोडी असू दे." ठेवला त्याच पेटीत. फूत्कार नाही, चावाचावी नाही. तिसऱ्या दिवशी तर दोघं गरम बाजूच्या गुहेत एकावर एक वेटोळी घालून! लेकीने फोटो काढून अख्ख्या खानदानाला पाठवला.

रविवारी दोघांना वेगवेगळ्या डब्यांत एकेक उंदीर दिला, खाऊन झाल्यावर उचलून पेटीत सोडलं. बुधवारी सकाळी पेटीत अर्धवट पचलेला उंदीर. वासाचं विचारू नका. दोघंही साळसूदपणे बसलेले, ओकलं कोण ते कळायला मार्ग नाही.

आता करू काय? आणि एकत्र ठेवणं मुळातच चुकलं का? कॅनडात हजारो साप एका खड्ड्यात असतात, असा व्हिडिओ मी स्वतः पाहिला आहे.

रातकिडा: आधी वेगळे करा, आजच. दुसरी पेटी येईपर्यंत घट्ट झाकणाचा, भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा चालेल. आत पाणी, लपायला जागा, एका टोकाखाली हीट मॅट, आणि मॅट थर्मोस्टॅटवरच. दोघांनाही १०-१४ दिवस काही खायला देऊ नका. ओकताना पोटातल्या आम्लाने अन्ननलिका पोळते, लगेच भरवलं की पुन्हा बाहेर. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. दुसऱ्यांदा ओकला तर थेट सरीसृप बघणारा डॉक्टर.

पेटीत तापमान किती? आणि गुहा किती आहेत?

धागाकर्ती: गरम बाजूला ३१, गार बाजूला २३ अंश. गरम बाजूला गुहा एकच आहे.

रातकिडा: मग ती मैत्री नव्हे हो. एसटीत दोघांच्या सीटवर तिघं बसतात, ते काही प्रेमापोटी नाही. सापाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. जो गार बाजूला ढकलला गेला, त्याचा उंदीर पोटातच सडायला लागला असावा, असा माझा अंदाज. शिवाय तुम्ही भरल्या पोटी दोघांना उचललंत. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नसतो.

घाटवाट: गावाकडे दोन साप पीळ घालून उभे डोलताना दिसले की लोक नाग-नागीण म्हणून हात जोडतात. बहुतेक वेळा त्या धामणी असतात, दोघंही नर, आणि चाललेली असते कुस्ती! सापाचं वागणं वाचताना आपण असेच फसतो. त्याला पापण्या नाहीत, तो कण्हत नाही. त्रास झाला की खाणं सोडतो, ओकतो, नाहीतर काचेला नाक घासत फिरतो.

वेगळं भरवलंत हे मात्र चांगलं केलंत. एका उंदराला दोघांनी दोन टोकांनी धरलं, तर एक दुसऱ्याला गिळू शकतो. मण्यार आणि नागराज साप खातात हे आपल्याला माहीत असतं, गरीब कॉर्न स्नेककडून ती अपेक्षा नसते.

तो व्हिडिओ मॅनिटोबातल्या नार्सिसचा असणार. ते गार्टर साप. तिथल्या थंडीत न गोठणाऱ्या चुनखडीच्या भेगा मोजक्याच, म्हणून सगळे तिथे जमतात. वसंतात वर येतात, मीलन होतं आणि पांगतात. गार्टरना सोबत मानवते, काही जण ते एकत्र पाळतातही. कॉर्न स्नेकला तो हिशोब लावू नका.

टेम्सकाठ: माझी काळजी वेगळी आहे. नवा साप विलगीकरणाशिवाय थेट जुन्याच्या पेटीत? निदान एक महिना, जमल्यास तीन, वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो. पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात का बघा, ते सापावरचे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. दुसरं म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम, पोटातला एक सूक्ष्म परजीवी. वारंवार ओकणं आणि पोटाच्या भागात फुगवटा ही त्याची लक्षणं, खात्रीचा इलाज नाही. घाबरवत नाही, एकदा ओकल्याने तसं ठरत नाही. पण दोघांच्या शीचे नमुने तपासून घ्या, वेगवेगळे. एकत्र असताना ते जमलंच नसतं.

नव्याचं लिंगही डॉक्टरकडून बघून घ्या. नर निघाला, तर आता वेगळे करूनही शेंग अंडी घालू शकते, कारण मादी वीर्य महिनोन् महिने साठवते. त्यात अंडं अडकलं तर जिवावर बेततं.

आणि कायदा नको म्हणालात तरी एक सांगतो. इथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात प्राण्याला इतरांसोबत किंवा इतरांपासून वेगळं ठेवण्याची गरज पुरवणं ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. वेगळे केले. माइट दिसले नाहीत. सासूबाईंना धामणींच्या कुस्तीचं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "आमच्या शेतात मी नमस्कार केला होता की गं!" डॉक्टरची वेळ उद्या दुपारची मिळाली आहे. आत्ताच नव्याच्या डब्यात शी सापडली. नमुना तोवर फ्रिजमध्ये ठेवायचा का? नवरा विचारतोय, कुठल्या कप्प्यात.

टेम्सकाठ: हो. घट्ट झाकणाची डबी, ती पिशवीत, वर नाव आणि तारीख. कप्पा सासूबाईंना विचारून.