पीएचडीची मुलं शिकवण्याबद्दल बोलतच नाहीत

रसायनवाला: आमच्या विभागात पीएचडीची मुलं बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सगळ्याच संशोधक विद्यार्थ्यांना अध्यापनाचं प्रशिक्षण हवं. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, लॅबचं कामही देता येतं. पण "आज कसं झालं?" विचारलं की "झालं सर", संपलं. यांना बोलतं कसं करायचं?

सेटग्रस्त: मी त्याच जमातीतला. गाईडसमोर अडचण सांगितली की "याला येत नाही" असा अर्थ निघतो. मुलांना आपापसात बोलू द्या, तुम्ही खोलीत बसू नका. चहा मात्र पाठवा.

ब्युरेट: प्रश्नच मोघम आहे हो. आम्ही बीएस्सीची जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, मध्ये ठेवून बसतो. टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, द्रावण सोडत राहायचं आणि फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं, तर निम्मा वर्ग गडद गुलाबीपर्यंत जातो. का? यावर अक्षरशः भांडण झालं. एकजण म्हणाली, शेवटी थेंब थेंब सोडा असं सांगतो, पण ब्युरेटचा कॉक कुठल्या हाताने धरायचा हे दाखवतो का? सगळे गप्प. मग जे सुरू झालं, ते वॉचमन येईपर्यंत.

रसायनवाला: शुक्रवारी जर्नलं काढतो. बाहेर बसणं जड जाईल, पण बसेन. भौतिकशास्त्रवाल्यांनाही बोलवावं का?