देब्युसीला ‘सुरांतला मॉने’ म्हणणे थांबवावे

खर्ज:
‘देब्युसी म्हणजे सुरांतला मॉने, दोघांनीही धुकेच रंगवले’ हे फ्रेंच संगीतकार देब्युसी आणि चित्रकार मॉने यांच्याविषयीचे कालच्या लेखातील वाक्य आणि त्यावरची वाहवा वाचून राहवले नाही. १८७४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनानंतर समीक्षक लुई लरुआने ‘इम्प्रेशनिस्ट’, म्हणजे क्षणाचा ठसा रंगवणारे, या शब्दाने मॉनेसारख्या चित्रकारांची टर उडवली, त्यातलाच ‘इम्प्रेशनिझम’ हा शब्द १८८७ मध्ये फ्रेंच ललित कला अकादमीने देब्युसीच्या रचनेवर दोष म्हणून चिकटवला, आणि १९०८ मध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने तो वापरणाऱ्यांना मूर्ख ठरवले. त्याची खरी सोयरीक कवींशी होती. १८९४ ची ती ‘फॉन’ या अर्ध्या माणसाच्या, अर्ध्या बोकडाच्या रूपातील वनदेवतेवरची रचना मालार्मेच्या कवितेतून आली आहे, आणि मालार्मे प्रतीकवादी, म्हणजे थेट वर्णनाऐवजी सूचक प्रतीकांतून बोलणारा कवी आहे.

ओली वाळू:
कलावंताने शिक्का नाकारला म्हणून तो खोटा ठरत नाही. चित्रकार देगासलाही हा शब्द खपत नसे, तरी इम्प्रेशनिस्टांच्या आठपैकी सात प्रदर्शनांत तो होताच. त्या रचनेच्या आरंभी एकटी बासरी अर्ध्या अर्ध्या स्वरांनी घसरत खाली येते, पुन्हा वर चढते, आणि षड्ज कुठे धरावा हेच कानाला कळत नाही. मॉनेच्या बंदराच्या चित्रात पाणी कुठे संपते, हे तरी डोळ्यांना कुठे कळते?

जुना वाचक:
मुळात हा वाद ‘दृक्प्रत्ययवाद’ या शब्दाने नासवला आहे. मी एका मासिकासाठी देब्युसीवरचा लेख भाषांतरित केला, तेव्हा संपादकांनी ‘इम्प्रेशनिझम’ खोडून सगळीकडे हाच शब्द घातला. बासरीच्या वर्णनात ‘दृक्’! छापील अंक मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

ओली वाळू:
मग संगीताला ‘श्रुतिप्रत्ययवाद’ आणि व्हेर्लेनच्या कवितेला आणखी तिसरे नाव द्यायचे काय? चित्रकलेसाठी तो शब्द नेमका आहे. तुमच्या संपादकांचा राग शब्दावर काढू नका.

जुना वाचक:
राग माझा आहे, पण अडचण सर्वांची आहे. ‘दृक्’ म्हटले की वाचक सुरांतही चित्र शोधू लागतो, आणि कालचा लेख त्याचाच नमुना आहे. ‘प्रत्यय’ तेवढा ठेवा, ‘दृक्’ काढा.

खर्ज:
प्रत्ययाची चर्चा व्याकरणाच्या तासाला करावी! या ‘धुक्या’पायी माझे काय झाले ते ऐका. माझ्या शिक्षकांनी देब्युसी वाजवताना पियानोचे स्वर लांबवणारे पेडल दाबूनच ठेवायला शिकवले, आणि परीक्षेत ‘सर्व स्वर एकमेकांत कालवले’ असा शेरा मिळाला. १९०५ मध्ये देब्युसीची ‘समुद्र’ ही रचना छापताना मुखपृष्ठावर जपानी चित्रकार होकुसाईची लाट घेतली होती. तिची कड सुरीसारखी आहे, तिथे धुक्याचा मागमूस नाही.

ओली वाळू:
लाटेचा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने मान्य करते. पेडलचा दोष मात्र मॉनेच्या माथी मारू नये.

खर्ज:
उपकार झाले. १९१० च्या प्रेल्यूड्समध्ये, म्हणजे पियानोच्या छोट्या रचनांच्या संग्रहात, देब्युसीने प्रत्येक रचनेचे नाव शेवटी, कंसात, तीन टिंबांनंतर छापले. चित्र आधी दाखवायचे असते, तर नाव वर आले असते.

ओली वाळू:
आणि दाखवायचेच नसते, तर मुळात छापले कशाला असते?