८६ डिव्हाइस लावलेत, लर्न केल्यावर पॅनल ८४च दाखवतंय

नवखा_वायरवाला: फायर अलार्मचं अ‍ॅड्रेसेबल पॅनल आहे (प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा नंबर), एक लूप (पॅनलमधून निघून परत पॅनललाच येणारी केबल), त्यावर डिटेक्टर, एमसीपी (आग लागली की हाताने दाबायचं बटण), मॉड्यूल सगळं धरून ८६ डिव्हाइस. ऑटो लर्न (पॅनलने लूपवरची डिव्हाइस आपणहून शोधणं) मारलं की ८४च येतात आणि डबल अ‍ॅड्रेस ००१ हा फॉल्ट काही केल्या जात नाही. अ‍ॅड्रेस एकच दाखवतोय तर दोन कमी कसे? १ नंबरचा डिटेक्टर दोनदा बदलून झाला, फरक शून्य. आणि हूटर (भोंगा) सर्किट २ ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं, येत होतं, ते मी एंड ऑफ लाइन रेझिस्टर पॅनलच्या टर्मिनललाच लावून गप्प केलंय, चालेल ना? शेवटचा हूटर पार फॉल्स सीलिंगच्या वर आहे हो, परवा टेस्टिंग आहे.

लूपमास्तर: एकाच अ‍ॅड्रेसवर दोन नाही तर तीन बसलेत, म्हणून दोन कमी, सोपा हिशेब आहे. काही मेकची मॉड्यूल फॅक्टरीतून ०१ वरच सेट होऊन येतात, तू दोन तशीच चढवली असशील, डिटेक्टर बदलत बसू नकोस. कुठली ते कळत नसेल तर लर्न झालेली यादी काढ आणि ड्रॉइंगवरचे कुठले दोन अ‍ॅड्रेस त्यात नाहीत ते बघ, तीच दोन. डिप स्विच असतील तर १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी बेरीज असते, म्हणजे ३७ हवा तर १, ४ आणि ३२. पण ऑन म्हणजे १ धरायचा की ० हे त्या मॉड्यूलच्या कागदावर बघूनच कर.

जुनं_खोड: रेझिस्टरचं मात्र चालणार नाही. पॅनल त्या रेझिस्टरमधून जाणारा बारीक करंट बघत असतं, तो शेवटच्या हूटरवर असेल तरच मधली सगळी केबल तपासली जाते. आता तुझं पॅनल स्वतःच्याच टर्मिनलकडे बघून नॉर्मल म्हणतंय, पुढची केबल कापून नेली तरी म्हणेल. ओपन फॉल्ट खरा होता राव, तो तू झाकलास. शिडी लाव. आणि मधे कुठे टी मारून फांदी काढली असेल तर तीही काढ, त्या फांदीवर पॅनलचं लक्षच नसतं.

नवखा_वायरवाला: दोन्ही मॉड्यूल ०१ वरच होती 🙏 आता ८६ आले. हूटरच्या जंक्शन बॉक्समधे एक तार नुसती टेकवलेली होती, स्क्रूखाली नव्हतीच, तिथे वर चढूनच कळलं. आता अर्थ फॉल्ट (कुठलीतरी तार अर्थला टेकतेय) आलाय, केबल मेगर (जास्त व्होल्टने इन्सुलेशन तपासणं) करू का?

लूपमास्तर: डिव्हाइस जोडलेली असताना मेगर अजिबात नको, ५०० व्होल्टने सगळी इलेक्ट्रॉनिक्स जातील. आधी पॅनलवरून एकेक सर्किट सोडव, ज्याला सोडवल्यावर फॉल्ट जातो त्याच्यामागे लाग. केबलची शील्ड (आतलं धातूचं वेष्टन) दुसऱ्या टोकाला कुठल्या बॉक्सच्या पत्र्याला टेकलीय का बघ, ती पॅनलकडेच एका ठिकाणी अर्थ करायची असते.

जुनं_खोड: बॅटरी किती एएचची (अँपिअर-अवर) टाकलीस?

नवखा_वायरवाला: १२ व्होल्टच्या दोन सिरीजमधे, ७ एएच. स्टँडबायला ०.४ अँपिअर घेतंय, अलार्ममधे २.

जुनं_खोड: मग नाही पुरणार. २४ तास स्टँडबाय आणि अर्धा तास अलार्म धरला तर ९.६ अधिक १, म्हणजे १०.६, त्यावर २५ टक्के जास्तीचे धरले की १३ च्या वर जातं. १७ किंवा १८ एएचच्या दोन घे, पण पॅनलचा चार्जर तेवढ्या बॅटरीला चालतो का ते आधी बघ. आणि लूपची एक बाजू पॅनलवरून काढून ८६ च्या ८६ दिसतात का तेही उद्याच बघून ठेव, परवा तेच पहिलं करायला सांगतील.