मदत हवी आहे : कंबरेचा घेर, आकलनक्षमता आणि निरक्षर आजी

रावेर तालुक्यातील पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांत लठ्ठपणा व आकलनक्षमता यांचा संबंध वेगवेगळा आहे का, हे मी प्रबंधासाठी तपासत आहे. बीएमआयसोबत (उंचीच्या मानाने वजन) कंबरेचा घेरही मोजला असून पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा धरली आहे. अडचण ‘मोका’ या स्मृती व आकलन तपासणाऱ्या चाचणीची आहे. बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना तीत एक गुण वाढवून मिळतो खरा, परंतु ज्यांनी कधी पेन्सिलच धरली नाही त्या आजींना चाचणीतील घनाकृती काढता येत नाही, आणि त्याच आजी केळीच्या घडांचा हिशेब तोंडी चोख सांगतात. त्यामुळे लिंगाचा वाटणारा फरक मुळात शाळेचाच असावा, अशी दाट शंका येते.

वय, शिक्षणाची वर्षे, मधुमेह, रक्तदाब व रजोनिवृत्तीचे वय नोंदवले आहे. मेंदूचा एमआरआय परवडणारा नाही. स्त्रिया व पुरुष या दोन्ही गटांचे स्वतंत्र विश्लेषण केले, पण एका गटात संबंध लक्षणीय व दुसऱ्यात नाही एवढ्याने फरक सिद्ध होत नसल्याने आता एकाच संख्याशास्त्रीय प्रतिमानात लिंग आणि घेर यांचे गुणनपद (घेराचा परिणाम लिंगानुसार बदलतो का, हे दाखवणारे पद) घेणार आहे. त्यात शिक्षण व लिंग यांचेही गुणनपद घालावे का, आणि हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण निरक्षरांसाठी तयार झालेली हिंदी चाचणी अहिराणी बोलणाऱ्यांवर कोणी वापरली असल्यास तिच्यातील कोणते प्रश्न बदलावे लागले?