सोन्याच्या ड्रिलिंग रिझल्टवरून खाण परवडेल की नाही, हे कसं काढायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. गुजरीत आमचं पिढीजात कारागिरीचं काम, त्यामुळे टंच (सोन्याची शुद्धता) आणि घट (कामात होणारी तूट) कळते. खडकातलं सोनं मात्र नवीन. पर्थच्या मामेभावाने तिथल्या एका छोट्या शोध-कंपनीचा शेअर सुचवलाय. तिने जाहीर केलेला निकाल असा: एका बोअरमध्ये 120 मीटरपासून पुढे 20 मीटर, टनाला सरासरी 5 ग्रॅम सोनं, आणि त्यात 1 मीटर 90 ग्रॅमचा.

आधी सरळ हिशोब मांडला. 5 ग्रॅमला 10 टक्के घट, हाती 4.5 ग्रॅम. ग्रॅमला 10,000 रुपये धरले तर टनामागे 45,000. हरखूनच गेलो! मग रात्री तो 1 मीटर डोक्यात आला. 20 गुणिले 5 म्हणजे 100, त्यातले 90 एकट्या त्या मीटरचे. उरलेल्या 19 मीटरना मिळून 10, म्हणजे टनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. एवढ्या खोलीवरून भुयाराने अर्धा ग्रॅम काढणं परवडेल असं मला वाटत नाही. बांगडीच्या एका टोकाला शुद्ध सोनं आणि बाकी तांबं, तर तिचा सरासरी टंच आमच्याकडे कुणी सांगत नाही.

शिवाय 20 मीटर ही बोअरच्या रेषेतली लांबी. बोअर शिरेला, म्हणजे खडकातल्या सोनं असलेल्या पट्ट्याला, 30 अंशांत छेदत असेल तर खरी जाडी निम्मी, 10 मीटरच. पत्रकात याबद्दल फक्त 'खरी जाडी अद्याप माहीत नाही' एवढंच आहे.

जाणकारांनी सांगावं: असा एखादा चढा आकडा हिशोबात किती ग्रॅमवर छाटतात? वरवरची खाण असेल तर टनभर खनिजामागे किती टन दगड उपसावा लागेल, याचा अंदाज खोलीवरून बांधता येतो का? आणि लांबी कशी धरायची? मी 200 मीटर लांब, 100 मीटर खोल, 10 मीटर जाड, घनता 2.7 असं धरून 5,40,000 टन काढले. पण एका बोअरवरून 200 मीटर म्हणणं मलाच पटत नाही. शेजारचे बोअर किती अंतरावर हवेत?

सोनं गंधकयुक्त खनिजात अडकलेलं असेल तर घट खूप वाढते, असंही वाचलंय. ते पत्रकात कुठल्या शब्दांवरून ओळखायचं?

पैसे आईच्या मुदत ठेवीतले आहेत. भावाला रविवारी उत्तर द्यायचंय, तोवर कुणी माझा हिशोब तपासून दिला तर फार बरं होईल.