संख्येपेक्षा जागा महत्त्वाची
दुर्बिणीतून केलेल्या अन्ननलिका-कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जास्त लसिकाग्रंथी (कर्करोग जिथे पसरू शकतो अशा लसिकाद्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या म्हणजे काम चोख झाले, असे एक मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. किमान १५ ग्रंथी तपासल्या जाव्यात हे योग्यच. पण खरी कसोटी डाव्या रिकरंट लॅरिंजियल नसेलगतच्या (स्वरयंत्राच्या स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जातंतूलगतच्या) ग्रंथींची असते, कारण ही नस महाधमनीच्या कमानीखालून वळून श्वासनलिका व अन्ननलिका यांमधल्या खोबणीतून वर जाते आणि तिला थोडा ताण किंवा उष्णतेचा चटका बसला तरी आवाज घोगरा होतो, अन्नपाणी श्वासमार्गात उतरून न्यूमोनियाचा धोका वाढतो. रुग्णाला पालथे ठेवून छातीत कार्बन डायऑक्साइड भरल्यास ही जागा बरीच मोकळी दिसते. नसेजवळ मात्र उष्णता देणाऱ्या उपकरणाऐवजी साधी कात्रीच वापरावी, असा माझा आग्रह आहे.